डावीकडे ओढणारी जीप

आप्पा, जसोंडीच्या काकांची, तुमच्या त्या जुन्या गिऱ्हाइकाची, जीप या आठवड्यात आपल्या गॅरेजमध्ये आली होती. तीच जुनी, जिच्यावर तुमच्या हातचं शेवटचं काम झालं ती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी ती एकदा दारापर्यंत आली होती आणि तशीच परत गेली, त्यानंतर थेट आत्ता. मोठी टायरं बसवायला आली होती. तुम्ही असता तर आधी कपाळावर हात मारला असता, मग चष्मा पुसून कामाला लागला असता. पण मी टायरांसाठी लिहायला बसलेले नाही. त्या जीपबद्दल मी तेव्हा एक गोष्ट खोटी सांगितली होती, तुमच्या नावावर. ती जसोंडीत फिरली, तिथून आपल्या बुधवाऱ्यातल्या घरात आली आणि आईच्या मनात जाऊन बसली. ती आता तिथून काढायची आहे आणि मला ते जमत नाहीये.

आधी टायरांचं सांगते, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच विचाराल. आजकाल ज्याला त्याला गाडी उंच हवी. पोरं फोनवर व्हिडिओ बघून येतात आणि मला शिकवतात. तुमच्या वेळी एखादाच यायचा, आणि तुम्ही त्याला म्हणायचात, "पाय वाढला की चप्पल मोठी घेतात भाऊ, चप्पल मोठी घेऊन पाय ओढत नाहीत." तो हिरमुसून जायचा आणि चार दिवसांनी परत आपल्याकडेच यायचा. काकांची गरज मात्र खरी आहे. केळीच्या बागांत आता मोठे ट्रॅक्टर फिरतात, काळ्या मातीत त्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल जातात, आणि जुन्या टायरांवर जीपचं पोट मधल्या मातीवर टेकतं. गेल्या पावसाळ्यात ती दोनदा तशी अडकली आणि बैल जुंपून काढावी लागली.

मिलमध्ये नेपानगरला तुम्ही बावीस वर्षं फिटर होता आणि तिथल्या सवयी तुम्ही गॅरेजमध्ये जशाच्या तशा आणल्या. नट कसून झाला की नटावर आणि त्याखालच्या लोखंडी पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. आणि मोठी टायरं बसवली की गेरू. आईच्या तुळशीसाठी आणलेला गेरू तुम्ही वाटीत कालवून न्यायचात, टायरांच्या कडांना फासायचात, एक चाक दगडावर चढवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचात. जिथे टायर घासेल तिथे लाल डाग. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुळस पांढरी राहिली तरी चालेल, लोकांच्या गाड्या रंगवा!" आणि तुम्ही तिच्याच वाटीत दुसऱ्यांदा कालवत असायचात. पण खरी मजा वजनाची होती. रिकाम्या गाडीचं माप तुम्हाला मान्य नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगायचात, "जी माणसं रोज बसणार ती घेऊन या." मग सगळं घरदार यायचं, गाडीत बसायचं, आई चहा पाठवायची, आणि तुम्ही जमिनीवर आडवे होऊन स्प्रिंगचे पाटे किती दबले ते बघत राहायचात. एक म्हातारी तर अर्धा तास बसून म्हणाली, "काय हो, ओंकारेश्वरला निघायचं कधी?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे फक्त माप आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला खरंच नेऊन आणलंत.

मी एकोणीस वर्षांची असताना तुम्ही मला एकदाच खरं रागावलात. गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली होती, पुढचे नवे पाटे बसवून झाले होते, आणि मी उत्साहाने पाट्यांची टोकं धरणारे शॅकलचे बोल्ट तिथेच गच्च कसून टाकले. तुम्ही पाना माझ्या हातातून काढून घेतलात. ओरडला नाहीत. सगळे बोल्ट सैल करायला लावलेत, गाडी खाली उतरवायला लावलीत, आणि म्हणालात, "तिला तिच्या चाकांवर उभी राहू दे. तिचं वजन तिला घेऊ दे. मग कस. नाहीतर आतलं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं, अन् एक दिवस फाटतं." नंतर घरी जेवताना तुम्ही माझ्या पानात स्वतःच्या वाटणीची खरवड वाढलीत, भरताच्या कढईतली. तुमची माफी मागायची तीच रीत होती. मी रुसून ती खाल्ली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तर हे सगळं मला माहीत होतं, आप्पा. माहीत नव्हतं म्हणून चुकलं, असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी काकांच्या घरी पुतण्याची हळद होती आणि जीप चार वाजता हवी होती. पुढचे पाटे बदलायचे, एवढंच काम. उजवी बाजू तुम्ही स्वतः केलीत, उतरवलीत, जमिनीवर झोपून कसलीत, रेघ ओढलीत. डावी वर उचलून पाटा बसवला आणि तुम्ही अचानक खाली बसलात. थंडीचे दिवस, आणि तुमचा सदरा पाठीला चिकटलेला. म्हणालात, "जरा घरी जाऊन पडतो. डावीकडचं तेवढं राहिलंय. उतरव, मग कस." मी हो म्हटलं. तुम्ही गेल्यावर मी उतरवली नाही. वर असताना लांब दांड्याचा पाना आरामात फिरतो. खाली उतरवली की पाठीवर सरपटत पाव-पाव वळसा घ्यावा लागतो. काका बाहेर घड्याळ बघत होते. म्हटलं, दहा दिवसांनी तपासणीला येईल तेव्हा सैल करून नीट कसू. पाच मिनिटांत झालं. संध्याकाळी तुम्ही खाटेवरून विचारलंत, "उतरवूनच कसलंस ना?" मी म्हटलं, "हो." चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तो "हो" हे तुमच्याशी बोललेल्या माझ्या शेवटच्या दहा-बारा शब्दांपैकी एक आहे.

तीन महिन्यांनी काका आले. म्हणाले, "बेटी, गाडी डावीकडे ओढते. जरा बघून घे ना." गॅरेजमध्ये तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि ती गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. ते दिवस तुम्ही पाहिले नाहीत. लोक शटरपर्यंत यायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कोणी आहे का?" मी हातात पाना घेऊन समोर उभी असायची. मुलगी गॅरेज चालवणार म्हटल्यावर अर्धी गिऱ्हाइकं आधीच गेली होती. मुलीने कसलेला बोल्ट चुकला असं एकदा गावात झालं असतं तर शटर पाडून मी घरी बसले असते. म्हणून मी म्हटलं, "ती आप्पांनी केली होती, काका. शेवटी शेवटी त्यांना बरं नव्हतं." बघा, यातला एक शब्दही खोटा नाही. मिळून मात्र सगळंच खोटं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी स्वतःच्या बापाच्या बाबतीत केलं, आणि त्या लोण्यावर माझं गॅरेज उभं राहिलं.

मला वाटलं होतं, काका म्हणतील, बरं, आता तू दुरुस्त कर. मी गुपचूप आतलं रबराचं बुश बदलेन, प्रकरण संपेल. पण काका जीपकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग राहू दे. उस्तादच्या हाताचं आखरी काम आहे. मी नाही कोणाला हात लावू देणार." आणि गेले. अकरा वर्षं त्या माणसाने स्टिअरिंग दोन बोटं उजवीकडे दाबून धरून गाडी चालवली. टायरं एका कडेने झिजायची, ती अदलाबदल करून वापरायचे. मुलाने दुसऱ्या गॅरेजचं नाव काढलं तर त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. मी किती निरोप पाठवले की आणा, मी बघते. उत्तर यायचं, "चालू आहे, मस्त चालू आहे." माझ्या आळसाची कुणी इतकी पूजा करेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सुरुवातीला हसू यायचं. नंतर रस्त्यात ती जीप दिसली की मी मान फिरवायची.

हे इथवरच राहिलं असतं तरी मी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली असती, मला माझा भरवसा नाही. पण पहिल्या वर्षश्राद्धाला काका घरी आले आणि प्रेमाने, अगदी डोळ्यांत पाणी आणून, आईला म्हणाले, "वहिनी, आखिरमध्ये त्यांच्या हातात ताकद नव्हती राहिली. माझ्या गाडीतच समजून आलं."  त्या दिवसापासून आईने तो शेवटचा आठवडा उलट्या बाजूने मोजायला घेतला. "त्यांचे हात गेले होते अन् मला दिसलं नाही," म्हणते. "मी डबा बांधून देत होते. म्हणत होते, उशीर होतोय, निघा." पोळी लाटता लाटता म्हणते, शेजारणीला सांगते, मला सांगते. तुमच्या छातीत काय चाललं होतं ते डॉक्टरलाही आधी कळलं नव्हतं, हे मी तिला शंभरदा सांगितलं. ती म्हणते, "छातीचं नसेल कळलं. हातांचं तर कळायला हवं होतं ना? बायको होते मी." दहा वर्षं मी हे ऐकतेय, आप्पा. समोर बसून, तिच्या हातची पोळी खात.

तर या सोमवारी काका स्वतः आले. आता पंचाहत्तरीचे असतील, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. म्हणाले, "बेटी, आता गाडी सून चालवणार. मी तर हात दाबून दाबून शिकलो, तिला कुठं आदत आहे? उस्ताद माफ करतील. तू उघड आता." सून सोबत होती, चटपटीत मुलगी. तिने टायरं आणि उंची वाढवायचं किट फोनवरून आधीच मागवलं होतं. किटमध्ये लोखंडी ठोकळे निघाले, अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये घालायचे. मी ते बाजूला ठेवले. ती म्हणाली, "दीदी, व्हिडिओमध्ये तर हेच लावतात." मी म्हटलं, "मागे लावतात. पुढे लावलं अन् उतारावर जोरात ब्रेक मारला, की अ‍ॅक्सल त्या ठोकळ्यावर पिळतो. सासऱ्यांना घेऊन जाणार ना तू?" तिने ठोकळे परत खोक्यात भरले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझा आवाज थेट तुमच्यासारखा लागला होता.

पाटेवाल्याकडून दोन इंच जास्त कमान असलेले नवे पाटे करून घेतले. जुने काढायला मी गाडीखाली गेले. डावीकडच्या बुशचा हात लागताच भुगा झाला. रबर एका बाजूने उभं फाटलेलं, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसं. नटावर रेघ नव्हती. ती ओढायचंही मी विसरले होते. मग सरपटत उजवीकडे गेले, टॉर्च मारला. वर अकरा वर्षांची माती बसली होती. ती फडक्याने पुसली आणि खाली तुमची पांढरी रेघ निघाली, नटावरून पट्टीवर सरळ गेलेली, केसभरही न सरकलेली. आतलं रबर म्हातारं झालं होतं पण अखंड होतं. मी तिथे पडून रडले, आप्पा. मला तुमची फार आठवण आली. त्या दिवशी छातीत तसं होत असताना तुम्ही हे इतकं चोख केलं होतंत, आणि मी गावाला सांगितलं की तुमचे हात थकले होते.

सून टायरं फिट करून घ्यायला गेली होती. काका बाजूला उभे होते, मला खालून त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. मी तशीच पडल्या पडल्या म्हटलं, "काका, डावी बाजू आप्पांनी नाही कसली. मी कसली होती. गाडी वर असतानाच. त्यांनी सांगितलं होतं, उतरवून कस. त्यांचे हात एकदम बरोबर होते." बाहेर येऊन, तोंडाकडे बघून सांगायची हिंमत नव्हती. चपला हलल्या नाहीत. वरून आवाज आला, "मग तेव्हा का नाही बोलली?"

"तेव्हा बोलले असते तर माझ्याकडे कोणी आलं नसतं."

"हां. ते तर आहे." चपला गाडीकडे वळल्या. "म्हणजे अकरा साल मी तुझ्या गलतीला उस्तादची निशाणी समजून हाकत होतो?"

"हो."

"मग त्यांचं कोणतं?"

"उजवीकडचं."

काकांनी पांढरा पायजमा वर खोचला, मी अंथरलेल्या पोत्यावर एक हात टेकत, कण्हत, ते खाली आले आणि माझ्या शेजारी आडवे झाले. मी टॉर्च धरला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. म्हणाले, "वा रे उस्ताद." मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "वहिनींना सांगितलं?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग मला पहिले कशाला सांगते? मी तर गाडी हाकली, माझं काय गेलं. त्यांना मीच सांगून आलो होतो ना ते सगळं, तुझ्या भरोशावर. आता मी नाही जाणार सांगायला. तू जा." रागावून म्हणाले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाकीचं काम तीन दिवस चाललं. पाटे उंच झाले की अ‍ॅक्सल किंचित कलतो आणि स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, म्हणून पाट्याखाली पाचर घातली. चाक हवेत लोंबलं की ब्रेकचा जुना पाइप ताणला जात होता, तो लांब टाकला. गेरू फासला तेव्हा डाग दोन ठिकाणी आला, मडगार्डच्या मागच्या कडेला आणि पूर्ण वळणावर डाव्या पाट्यावर. कड कापली, चाक जास्त वळू न देणारी स्टिअरिंगची अडणी थोडी बाहेर काढली. मग काका, त्यांची बायको, सून, मुलगा, असं सगळं घर बसवलं, गाडी तिच्या वजनावर उभी केली, आणि मी पाठीवर पडून पाव-पाव वळशाने बोल्ट कसले. पाऊण तास लागला. माझीही आता चाळिशी उलटली आहे, मान धरली. काल सुनेने मागच्या मैदानात गाडी फिरवली, मी सांगितल्यावर वळणानंतर हात सोडले, आणि स्टिअरिंग गुमान सरळ झालं. ती खूश होऊन हसत होती. शेजारी काका बसले होते, आणि त्यांचे हात मांडीवर अजून उजवीकडे दाबत होते.

आज रविवार, गॅरेज बंद. आईने वांग्याचं भरीत केलं होतं. वाढताना म्हणाली, "जसोंडीची जीप उघडलीस ना तू? काय निघालं गं आत? फार वाईट होतं का त्यांनी केलेलं?" हात थांबवून, भांड्याकडे बघत विचारलं तिने, म्हणजे किती दिवस विचारायचं मनात होतं ते कळलं. मी म्हटलं, "जेवून सांगते."

जेवून दीड तास झाला. मी इथे पुढच्या खोलीत हे लिहितेय, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे. भांडी केव्हाच घासून झाली आहेत, ओटाही पुसून झाला. रोज या वेळेला ती आडवी होते. आज अजून स्वयंपाकघरातच बसली आहे.